शेततळ्यातला मासा किती खातो आणि त्याला किती घालावं

पहिल्या वर्षी मी मासे हिशेबाने नाही, कौतुकाने वाढवले. सकाळी गोठ्यातलं आवरलं की डबाभर खाद्य, दुपारी डाळिंबातून येताना पुन्हा डबाभर, पाहुणे आले की त्यांना गंमत दाखवायला आणखी ओंजळभर. मार्चमध्ये जाळं लावलं तेव्हा रिकाम्या पोत्यांनी सांगितलं की साडेसातशे किलो तरंगतं खाद्य संपलंय, आणि काट्यावर मासे आले अडीचशे किलो. म्हणजे एक किलो मासा वाढवायला मी तीन किलोंहून जास्त खाद्य पाण्यात घातलं होतं. नीट सांभाळलं तर तेच काम दीड ते पावणेदोन किलोत होतं. उरलेलं माशांनी खाल्लंच नव्हतं, ते तळाशी कुजलं होतं आणि त्याच सडक्यात मासे वाढत होते.

हा लेख त्या चुकीनंतर शिकलेल्या गोष्टींचा आहे. डोळ्यापुढे ठेवलंय ते आमच्या सांगोला भागात सगळीकडे दिसणारं ३० × ३० × ३ मीटरचं, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. पावसाळ्यात भरतं, डाळिंबाला पाणी पुरवत पुरवत एप्रिल-मेपर्यंत तळ गाठतं. मासे मुख्यतः कार्प जातीचे: कटला, रोहू, मृगळ, जोडीला सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. गावतलाव किंवा मातीचं तळं असेल तर काही आकडे बदलतील, पण माशाची खोड बदलत नाही.

मार्चचं पाणी बघून मासे मोजा

खाद्याचा हिशेब बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडण्याआधीच सुरू होतो. १:१ उताराने खोदलेल्या या तळ्यात काठोकाठ भरल्यावर साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. ऑगस्टमध्ये ते बघून माणसाला वाटतं, अडीच-तीन हजार मासे सहज राहतील. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी, असताना राहतातही. पण मार्चमध्ये बागेला पाणी देऊन देऊन चार फूट पाणी उरतं, तेव्हा तळ्यात असतात जेमतेम साडेसात लाख लिटर. मासे मात्र वीसपट वजनाचे झालेले. ऑगस्टमध्ये ऐसपैस असलेलं घर मार्चमध्ये एसटीचा डबा होतो.

म्हणून एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा खेळवणारं यंत्र, नसेल तर या आकाराच्या तळ्यात मी ६०० बोटुकल्यांच्या वर जात नाही: ३०० रोहू, १८० कटला, १२० मृगळ आणि सायप्रिनस मिळून. मातीच्या तळ्यात कटल्याचा वाटा मोठा ठेवायची पद्धत आहे. कागदाच्या तळ्यात मी रोहू जास्त घेतो, त्याचं कारण पुढच्या भागात येईल.

बीज घेताना मत्स्यजिरे, म्हणजे जिऱ्याएवढी पिल्लं, किंवा नखाएवढं बीज स्वस्त दिसतं, पण आपल्याकडे पाणी आठच महिने. त्यातले दोन महिने ते बोटभर व्हायलाच जातात, आणि तोवर बेडूक आणि पाणकावळे आपला हिस्सा काढून घेतात. निदान २० ते २५ ग्रॅमची बोटुकली घ्या. आंध्रातले मोठे तळेवाले याहून पुढे जातात. ते बीज वर्षभर दाटीत, कमी खाद्यावर मुद्दाम खुरटं ठेवतात आणि शंभर-दीडशे ग्रॅमचं झालं की मोठ्या तळ्यात सोडतात. मोकळी जागा आणि पोटभर अन्न मिळताच हा मासा मागची कसर भरून काढल्यासारखा झपाट्याने वाढतो. आठमाही पाण्याला असं बीज सोन्यासारखं, मिळालं तर पैसे जास्त गेले तरी घ्यावं. रोहूत ‘जयंती’ ही निवड पद्धतीने सुधारलेली, जलद वाढणारी जात भुवनेश्वरजवळच्या कौशल्यागंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने तयार केली आहे. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, तिला हे नाव मिळालं. खात्रीच्या केंद्रातून मिळत असेल तर तीच घ्या. ‘जयंतीच आहे’ असं तोंडी सांगणारे मात्र खूप भेटतात.

कोण कुठल्या पंगतीला बसतं

कटला हातात घेऊन त्याचं तोंड बघा. खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं. हा वरच्या थरात फिरतो आणि कल्ल्यांच्या दाट चाळणीतून पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. गोळी खाद्यावर तो रोहूसारखी झडप घालत नाही, उशिरा येतो, कधी येतच नाही. पाणी काचेसारखं नितळ असेल तर कटला उपाशी राहतो, तुम्ही कितीही पोती ओता.

रोहूच्या ओठांना बारीक झालर असते. मधल्या थरात राहतो, वनस्पती खरवडतो, आणि गोळीला लवकर सवकतो. म्हणून कागदाच्या तळ्याचा खरा कमावता तो. मृगळ तळाचा. चिखलात कुजलेला पालापाचोळा, त्यातले किडे हे त्याचं ताट. कागदावर चिखलच नसतो, म्हणून पहिल्या वर्षी मृगळ मागे पडतो. तो आणि सायप्रिनस वरून सांडलेला चुरा वेचतात, त्यासाठी थोडे हवेतच.

दोन गोष्टी या सगळ्यांत सारख्या, आणि खाद्य कसं घालायचं ते त्यांच्यावरच ठरतं. एक म्हणजे या कार्प माशांना जठर नसतं. दात असतात तेही घशात. अन्न साठवायला पिशवीच नसल्यामुळे तो म्हशीसारखा एकदम भरपेट खाऊन रवंथ करू शकत नाही, त्याला थोडं थोडं, पुन्हा पुन्हा लागतं. दिवसाचं सगळं खाद्य एकाच वेळी टाकलं तर बराचसा भाग न पचता बाहेर पडतो. दुसरी गोष्ट, मासा थंड रक्ताचा. त्याची भूक पाण्याच्या उष्णतेवर चालते. २५ ते ३२ अंशांत दणकून खातो, २० च्या खाली तोंड आखडतं, १५ च्या आसपास जवळपास उपासच धरतो.

पाणी हिरवं झाल्याशिवाय पोतं फोडू नका

नवीन कागद, त्यात बोअरचं पाणी: दिसायला सुंदर, माशाला रिकामं ताट. बीज सोडायच्या दहा-बारा दिवस आधी पाणी ‘लावून’ घ्यावं लागतं, म्हणजे त्यात माशाला खायला बारीक शेवाळ आणि जीव धरतात. मी दीडशे-दोनशे किलो शेण तीन-चार गोणपाटांत भरून काठाला दोरीने टांगतो. अर्क उतरतो, चोथा गोणीतच राहतो आणि नंतर उकिरड्यावर जातो. शेण थेट तळ्यात ओतू नका. मातीचा तळ ते पचवतो, कागद पचवत नाही.

पाणी तयार झालं की नाही ते बघायला यंत्र लागत नाही. दुपारी उन्हात हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा, तळवा आडवा ठेवा. कोपर बुडताना तळवा पुसट होऊन दिसेनासा झाला तर बरोबर. बोटं स्पष्ट दिसत राहिली तर पाणी अजून उपाशी आहे, आणखी एक गोणी टांगा. मनगट बुडतानाच तळवा नाहीसा झाला तर पाणी जरुरीपेक्षा दाट झालंय: गोण्या काढा, खाद्य निम्मं करा, जमलं तर थोडं पाणी बागेला सोडून ताजं पाणी घ्या.

ठिबकवाल्यांची इथे तक्रार असते आणि ती खरी आहे. हिरवं पाणी म्हणजे गच्च फिल्टर. वाळूचा फिल्टर असेल तर उलट धुणं रोज करावं लागतं, नुसत्या जाळीच्या फिल्टरवर निभत नाही. ते जमणार नसेल तर कटला कमी करून रोहू आणि गोळी यांवर भर द्या. मासे पाळायचे आणि पाणी बिसलेरीसारखं हवं, हे एकत्र होत नाही.

डाळिंबवाल्यांनी, द्राक्षवाल्यांनी आणखी एक सांभाळायचं. फवारणीचा पंप तळ्याकाठी धुऊ नका. आपण सर्रास वापरतो त्या पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांचा थेंबही माशाला जहर आहे. वारा तळ्याकडे असेल त्या दिवशी तळ्यालगतच्या ओळी सोडून द्या.

पेंड की गोळी?

घरचं खाद्य म्हणजे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, समसमान. पेंड रात्रभर भिजवायची, सकाळी कोंडा आणि किलोला दहा ग्रॅम क्षारमिश्रण घालून घट्ट गोळे करायचे. ते पाण्यात भिरकावू नका. काठाची प्लॅस्टिकची टोपली किंवा जाळीचा ट्रे दोरीने टांगून तळापासून फूटभर वर ठेवा आणि गोळे त्यात ठेवा. दोन तासांनी ट्रे वर ओढला की कळतं, किती खाल्लं, किती उरलं. आंध्रात कोंडा पोत्यांत भरतात, पोत्याला खालून भोकं पाडतात आणि बांबूला बांधून पाण्यात सोडतात. मासे येऊन भोकांतून चोखून खातात. आपल्याकडेही ही पद्धत चालते, फक्त पोतं रोज काढून धुवावं लागतं.

सरकी पेंड घरात असतेच म्हणून ती वापरायचा मोह होतो. तिच्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते माशाला बाधतं. म्हशीलाच घाला. शेंगदाणा पेंडेवर पावसाळ्यात हिरवट-काळी बुरशी आली असेल तर तीही नको. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं, मासा मरत नाही पण वाढतही नाही, आणि आपण बीजाला शिव्या देत बसतो.

कारखान्याचं तरंगतं खाद्य महाग, पण त्याचा एक गुण असा की ते डोळ्याला दिसतं. खाल्लं की नाही, किती वेळात खाल्लं, कोण खायला आलं, सगळं समोर. नवशिक्याने पहिलं वर्ष तरी तरंगत्या खाद्यावर काढावं, शिकण्याची फी म्हणून. सुरुवातीला २ मिलिमीटरची, २८ ते ३० टक्के प्रथिनांची गोळी. मासा शंभर ग्रॅमच्या पुढे गेला की ३ मिलिमीटर, तीनशेच्या पुढे ४ मिलिमीटर आणि प्रथिनं २४ ते २६ टक्के पुरतात. जास्त प्रथिनं म्हणजे जास्त वाढ, असं दुकानदार सांगतो. अंगाला न लागलेलं प्रथिन अमोनिया होऊन पाण्यातच उतरतं, हे तो सांगत नाही.

पोती जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवू नका. खाली फळ्या, भोवती हवा, आणि दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच आणा.

रिंग, वेळ आणि पहिली मूठ

वारा सुटला की तरंगती गोळी सरकत काठाला येते, उतारावरच्या कागदाला चिकटते, वाळते, मुंग्या नेतात. यावर इलाज खाद्याची रिंग. पीव्हीसी पाइपचे आठ-आठ फुटांचे चार तुकडे, चार एल्बो, सांधे सोल्यूशनने हवाबंद. पाण्यावर तरंगणारी चौकट तयार. दोन बाजूंनी दोरी बांधून काठापासून सात-आठ फुटांवर स्थिर ठेवा. दगडाचं वजन लावून नांगरू नका, कागद फाटतो. या तळ्याला दोन रिंगा लागतात. एकच ठेवली तर दांडगे मासे ती अडवून बसतात आणि मार्चमध्ये जाळ्यात एक मासा नऊशे ग्रॅमचा तर दुसरा दोनशेचा निघतो.

काठाचा ओला कागद म्हणजे घसरगुंडी. पोहणारा माणूसही त्यावरून वर चढू शकत नाही. खाद्य घालायच्या जागी गाठी मारलेला दोर आणि टायर कायमचे बांधून ठेवा, एकट्या पोराला खाद्य घालायला पाठवू नका. तळ्याला कुंपण नसेल तर आधी कुंपण, मग मासे.

वेळ आणि जागा बदलू नका. आठवडाभरात मासे शिकतात. माझ्याकडे आता डब्यावर दोन टिचक्या मारल्या की रिंगेखाली सावल्या गोळा होतात. पावसाळा संपताना आणि उन्हाळ्यात सकाळी साडेआठ-नऊ आणि दुपारी साडेतीन-चार. थंडी पडू लागली की सकाळचं अकराला, दुपारचं तीनला; पाणी २५ अंशांच्या खाली गेलं की एकदाच, ते पुढे येईल. सूर्य उगवायच्या आधी आणि अंधार पडताना कधीच नाही, कारण पचवायला प्राणवायू लागतो आणि तो पहाटे पाण्यात कमी असतो, अंधार पडल्यावर रात्रभर कमी होत जातो. दोन्हींत दुपारचा वाटा थोडा मोठा ठेवतो, तेव्हा पाणी उबदार आणि प्राणवायूने भरलेलं असतं.

घालताना पहिली मूठ टाका आणि थांबा. पाणी उसळलं, मिनिटभरात गोळ्या नाहीशा झाल्या तर पुढची. सगळं खाद्य १५ ते २० मिनिटांत संपलं पाहिजे. दहा मिनिटांतच संपलं आणि मासे अजून घिरट्या घालतायत तर त्याच वेळी आणखी टाकू नका, दुसऱ्या दिवशी पाच टक्के वाढवा. वीस मिनिटांनी गोळ्या तरंगत असतील तर दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा टक्के कमी करा. मासा थोडा अर्धपोटी राहिला तर खाल्लेलं अंगाला लागतं. आठवड्यातून एक दिवस मी पूर्ण उपास ठेवतो. त्या दिवशी ते पाण्यातलं आणि तळचं वेचतात.

किती घालायचं, त्याचा हिशेब

पोत्यावर छापलेला तक्ता चांगला असतो, पण तो तुमचं तळं ओळखत नाही. मी धरतो ते रोजचे दर असे, पाणी २५ अंशांच्या वर असताना:

२५ ते ५० ग्रॅम मासा: वजनाच्या ५ टक्के
५० ते १०० ग्रॅम: ४ टक्के
१०० ते २५० ग्रॅम: ३ ते साडेतीन टक्के
२५० ते ५०० ग्रॅम: २ ते अडीच टक्के
५०० ग्रॅमच्या पुढे: दीड टक्का

मासा मोठा होतो तसा टक्का उतरतो. हे विसरून पहिल्या महिन्याचाच टक्का शेवटपर्यंत चालवणारे पुष्कळ आहेत.

महिन्यातून एकदा नमुना जाळं टाकायचं. आदल्या दिवशी खाद्य बंद, सकाळी सातच्या सुमारास फेकजाळं, म्हणजे पाग. रिंगेजवळच टाकलं तर दांडगे खादाडच सापडतात आणि सरासरी फुगते, म्हणून तीन-चार ठिकाणी टाका. पाण्याची बादली आधी काट्यावर ठेवून काटा शून्य करा, मासे त्यात सोडून एकदम वजन करा, मोजा आणि लगेच परत सोडा. मासा हाताने धरायचा तर हात ओले करून. कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळ निघते आणि तिथे रोग धरतो.

समजा ऑक्टोबरच्या मध्यात ३० मासे निघाले, वजन ३ किलो ६०० ग्रॅम. सरासरी १२० ग्रॅम. सोडले होते ६००, मर धरून ५४० शिल्लक. ५४० गुणिले १२० म्हणजे जवळपास ६५ किलो मासा तळ्यात आहे. त्याचे साडेतीन टक्के म्हणजे सव्वादोन किलो. सकाळी ९००, दुपारी १३५० ग्रॅम. पुढच्या नमुन्यापर्यंत वीस मिनिटांच्या नियमाने थोडं कमी-जास्त करत राहायचं.

यात सगळ्यात कच्चा आकडा असतो शिल्लक माशांचा. मेलेले तरंगलेले दिसतात तेवढेच आपण वजा करतो. पाणकावळ्याने नेलेले कुठे दिसतात? तो दिवसभर बुड्या मारतो, बोटुकलीच्या वयातले मासे त्याला आयतेच. एका हंगामात नमुन्याची सरासरी चांगली येत होती पण खाद्य रोज उरत होतं. मला वाटलं मासे आजारी आहेत. हंगामाच्या शेवटी मोजले तर साडेतीनशेच निघाले. मी अडीचशे नसलेल्या माशांना जेवायला घालत होतो. तेव्हापासून तळ्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणून पक्षीजाळी टाकतो, आणि गणित आणि वीस मिनिटं यांचं जमत नसेल तर वीस मिनिटांवर विश्वास ठेवतो.

हात कधी आखडायचा

दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरातली गोष्ट. तीन दिवस आभाळ दाटून होतं, ऊन नाही. तळं हिरवंगार, मला त्याचा अभिमान. सकाळी सहाला गेलो तर सगळे मासे वर. पाण्याच्या कडेला तोंडं काढून उघडझाप करतायत, शेकडो तोंडं. मला वाटलं भुकेने व्याकूळ झालेत. दोन किलो खाद्य उधळलं. एकाने तोंड लावलं नाही, गोळ्या त्यांच्या नाकासमोरून वाहत गेल्या.

त्या दिवशी भिगवणकडचे एक जाळेवाले मामा सौदा बोलायला आले होते. त्यांनी काठावरूनच बघितलं आणि म्हणाले, “दादा, हे भुकेले नाहीत, गुदमरलेत. भुकेला मासा वर येतो, घास घेतो आणि बुडी मारतो. हे वर आलेत आणि वरच थांबलेत. आधी मोटार लावा.” त्या आठवड्यात शेतीला रात्रीची लाइट होती, ती नुकतीच गेलेली. शेजाऱ्याचं डिझेल इंजिन आणेपर्यंत आठ वाजले. ४३ मासे गेले, त्यात बहुतेक कटला. प्राणवायू कमी पडला की कटला आधी जातो.

झालं होतं असं. हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. मासे घेतात, तळचं कुजलेलं खाद्य घेतं. म्हणून पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी. आभाळ असलं की दिवसाची भरपाईच होत नाही, आणि तीन दिवसांत गंगाजळी संपते. लिटरला ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला की मासा मजेत खातो, ३ च्या खाली खाणं सोडतो. अशा वेळी टाकलेलं खाद्य कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं. मी माझ्या हाताने आगीत तेल ओतत होतो.

तेव्हापासून नियम केले ते असे. एक दिवस आभाळ: खाद्य निम्मं. सलग दुसरा दिवस: खाद्य बंद. मुसळधार पावसानंतर एक दिवस बंद. मासे सकाळी तोंडं काढून दिसले तर ते खाली जाईपर्यंत दाणाही नाही. आणि पाणी खेळवायची सोय आधीच करून ठेवायची: तळ्यातलंच पाणी मोटारीने उचलून भोकं पाडलेल्या पाइपातून उंचावरून परत तळ्यात पाडायचं. एवढ्या तळ्याला पहाटेचे तीन-चार तास हे पुरतं. रात्रीच्या लाइटचा आठवडा शेतकऱ्याला जीवघेणा, सापकिरडूत जावं लागतं, पण माशांसाठी तोच सोयीचा, पहाटे चारला मोटार चालू करता येते. दिवसाच्या लाइटच्या आठवड्यात इंजिन तयार ठेवा.

मासे खात नाहीत याची आणखीही कारणं असतात. जाळं टाकल्यावर एक-दोन दिवस दबकून राहतात. अंगावर लाल डाग, कल्ल्यांवर पांढरे तंतू, कागदाला अंग घासणं दिसलं तर खाद्य थांबवून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मत्स्य विभागाकडे मासा दाखवा. दुकानातलं औषध अंदाजाने ओतू नका, तेच पाणी उद्या बागेला जाणार आहे.

थंडी

डिसेंबर-जानेवारीत शेतकरी घाबरतो, मासा वाढेना. निफाडकडे पारा सहा-सात अंशांवर येतो, आमच्याकडे त्यापेक्षा बरं, तरी तळ्याचं पाणी सकाळी विशीच्या आसपास असतं. पन्नास-शंभर रुपयांचा साधा तापमापक दोरीला बांधून दीड हात खोल सोडा आणि दुपारी बारालाही बघा. पाणी २२ ते २५ अंश असेल तर नेहमीच्या निम्मं, एकदाच, दुपारी. १८ ते २२ मध्ये एक टक्क्याच्या आत, एक दिवसाआड. १८ च्या खाली बंद. ‘थंडीत वाढत नाही म्हणून जास्त घालतो’ हे पावसात कपडे वाळत घालण्यासारखं. पंगस असेल तर आणखी जपा. तो उष्ण पाण्याचा मासा, वीसच्या खाली खाणं सोडून बसतो आणि रोगाला लवकर बळी पडतो.

फेब्रुवारी उजाडला, पाणी पंचविशीच्या वर गेलं की मासा सुटतो. पुढचे सहा-सात आठवडे वर्षातले कमाईचे. थंडीत वाचवलेलं पोतं इथे वापरायचं.

पाणी उतरायला लागल्यावर

अडचण अशी की भूक वाढायची वेळ आणि पाणी उतरायची वेळ एकच. तळाशी साठलेली काळी, सडक्या अंड्याच्या वासाची घाण आता कमी पाण्यात मिसळते. त्यासाठी जानेवारीपासून आठवड्यातून एकदा मी फुटबॉल्व्ह तळाजवळ उतरवून अर्धा तास तळचं पाणी काढतो आणि ते ठिबकला न देता मोकळं, बांधावरच्या नारळांना आणि गजराज गवताला सोडतो. बोअरचं ताजं पाणी घ्यायचं तर उंचावरून पाडून. त्यात प्राणवायू जवळपास नसतोच.

आणि विरळणी. फेब्रुवारीच्या मध्यात पहिलं जाळं लावून पाचशे ग्रॅमच्या वरचे निम्मे मासे काढून विका. शेजारपाजारी, आठवडी बाजारी, जिवंत मासा हातोहात जातो. उरलेल्यांना पाणीही मिळतं आणि खाद्यही, आणि मार्चअखेर ते भरून येतात. कालव्याच्या पाण्याबरोबर आलेली चिलापी, म्हणजे तिलापिया, असेल तर ती याच वेळी झाडून काढा. ती रिंगेवर सगळ्यांच्या आधी हजर असते आणि पिलावळीने तळं भरते.

शेवटच्या काढणीआधी दोन दिवस खाद्य बंद ठेवा. रिकाम्या पोटाचा मासा वाहतुकीत टिकतो, बर्फात लवकर खराब होत नाही, आणि व्यापाऱ्याला पोट फुगलेला मासा दाखवून दर पाडायची संधी मिळत नाही.

माझी वही साधी शंभर पानी आहे. रोजची एक ओळ: तारीख, बाराचं तापमान, आभाळ की ऊन, किती घातलं, किती मिनिटांत संपलं, किती मेले. गेल्या हंगामात पानांची बेरीज ४६५ किलो खाद्य आली. विरळणीसकट मासे निघाले ३०६ किलो, त्यातून सोडलेल्या बीजाचे १५ किलो वजा केले की वाढ २९१. भागाकार केला तर १.६. खाद्य किलोला पन्नास रुपये धरलं तर तेवढ्याच वाढीला पहिल्या वर्षीच्या माझ्या दराने दुप्पट, म्हणजे तेवीस हजारांऐवजी सेहेचाळीस हजार लागले असते. पाहुणे अजून येतात आणि मासे दाखवा म्हणतात. त्यांना साडेतीनला बोलावतो.